कोल्हापूर ते सॅन फ्रान्सिस्को किती लांब, किती तास? विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ घरबसल्या कसा काढायचा

मुलगा नाहीतर मुलगी परदेशात आणि आईबाबा पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेत, असं घर आता राजारामपुरीत, ताराबाई पार्कात, कागलला, हुपरीत, कुठंही सापडतंय. आणि सगळीकडं पहिला प्रश्न एकच, "किती तास लागतात हो?" एकजण सांगतो सोळा, दुसरा सांगतो बावीस, तिसरा म्हणतो जवळजवळ दोन दिवस. ऐकणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होतो, पण खरं तर तिघंही बरोबर असतात, कारण तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. एकानं फक्त मोठ्या विमानातले तास धरले, दुसऱ्यानं तिकिटावरचे, आणि तिसऱ्यानं कोल्हापुरातल्या घराचं कुलूप लावल्यापासून तिकडच्या घरात चहा मिळेपर्यंतचे.

ज्याला प्रवास करायचा आहे त्याला तिसरा आकडा लागतो. तो कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो, आपणच काढायचा असतो, आणि तो काढायला फार हुशारी लागत नाही. खाली सगळं एकाच उदाहरणावर करून दाखवतो, कोल्हापूर ते सॅन फ्रान्सिस्को. तुम्ही तुमची गावं घालून तसंच करायचं.

आधी विमानतळ नक्की करा, शहर नाही

शहराचं नाव टाकून अंतर शोधलं की घोळ होतोय. जगात एकाच नावाची गावं लई आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीपण सॅन होजेच आहे, लंडन इंग्लंडात आहे तसं कॅनडातल्या ऑन्टारिओतपण आहे, सिडनी नावाचं गाव कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्ये आहे. बर्मिंगहॅम इंग्लंडात तसं अमेरिकेतल्या अलाबामातपण. म्हणून तीन अक्षरी कोड बघायचा. कोल्हापूर म्हणजे उजळाईवाडी विमानतळाचा कोड केएलएच, मुंबईचा बीओएम, दुबईचा डीएक्सबी, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. लंडनला तर हीथ्रो एलएचआर, गॅटविक एलजीडब्ल्यू असे बरेच विमानतळ आहेत आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला आपल्याकडं कोल्हापूर-सांगलीला जातो त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. मुलीनं घर कुठं घेतलंय ते विचारा आणि तिच्याकडूनच कोड लिहून घ्या, सगळ्यात सोपं.

आता मुंबईच्या बाबतीतपण हे बघायला लागणार, कारण 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुरू झालीत, त्याचा कोड एनएमआय. कोल्हापूरहून गाडीनं जाणाऱ्याला तो पनवेलजवळ, म्हणजे मुंबईच्या अलीकडंच पडतो. तिकिटावर बीओएम आहे का एनएमआय हे न बघता ड्रायव्हरला नुसतं "एअरपोर्ट" सांगितलं तर ऐनवेळी पळापळ होणार, आणि ती मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये.

अंतर काढायच्या तीन रीती

पृथ्वी गोल आहे, त्यामुळं दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे गोलावर ताणून धरलेली दोरी. त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून जी रेघ येते ती हा रस्ता नसतो, तिथंच निम्म्या लोकांचा अंदाज चुकतो.

पहिली रीत मोबाईलची. गूगल मॅप्सवर कोल्हापूर विमानतळावर बोट दाबून धरायचं, खाली अंतर मोजायचा पर्याय येतो, मग नकाशा सरकवत सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत न्यायचा. कॉम्प्युटरवर उजवं क्लिक केलं की तोच पर्याय येतो आणि तिथं ती रेघ वाकलेली दिसते, तीच बरोबर. ग्रेट सर्कल मॅपर नावाची वेबसाइटपण आहे, तिथं नुसते दोन कोड टाकले की अंतर हजर.

दुसरी रीत पृथ्वीच्या गोलाची, आणि घरात नातवंडं असतील तर हीच करा. एक बारीक सुती दोरा घ्या, आधी तो विषुववृत्ताभोवती एकदा गुंडाळून त्याची लांबी पट्टीवर मोजा. पृथ्वीचा घेर ढोबळ 40,000 किलोमीटर धरा, म्हणजे 40,000 ला त्या सेंटीमीटरनी भागलं की एक सेंटीमीटर म्हणजे किती किलोमीटर ते कळतं. बारा इंची गोल असेल तर घेर साधारण 96 सेंटीमीटर भरतो, म्हणजे सेंटीमीटरला 417 किलोमीटर. आता दोऱ्याचं एक टोक कोल्हापूरवर अंगठ्यानं दाबायचं आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणायचा. ताणल्याबरोबर तो सरकतो आणि वर उत्तरेकडं चढतो, रशिया ओलांडून आर्क्टिक समुद्रावरून पलीकडं उतरतो. पोरांना हे बघून नवल वाटतं, कारण अमेरिका आपल्या "पलीकडं, पश्चिमेला" असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. दोरा मोजला की 33 सेंटीमीटरच्या आसपास येतो, म्हणजे पावणेचौदा हजार किलोमीटर.

तिसरी रीत गणिताची. ज्यांना दहावी-अकरावीचं त्रिकोणमिती आठवतंय त्यांनी जरूर करून बघा, कारण हे स्वतः केलं की मग कुणाच्या आकड्यावर अवलंबून राहायला लागत नाही. कोल्हापूर विमानतळ 16.66 अंश उत्तर, 74.29 अंश पूर्व. सॅन फ्रान्सिस्को 37.62 अंश उत्तर, 122.38 अंश पश्चिम. पश्चिम रेखांश उणे धरायचा, म्हणजे रेखांशातला फरक झाला 196.67 अंश. मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, तो येतो 0.175. त्यानंतर दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशफरकाच्या कोसाइननं गुणायचं, ते येतं उणे 0.727. दोन्हींची बेरीज उणे 0.552. याचा उलटा कोसाइन घेतला की 123.5 अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे 111.19 किलोमीटर (त्रिज्या 6,371 धरली की तेवढं येतं), म्हणजे गुणाकार झाला सुमारे 13,730 किलोमीटर. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करत असाल तर तो अंशात ठेवा, रेडियनवर असेल तर भलतंच उत्तर येणार, आणि एक्सेलमध्ये करणार असाल तर उलट, तिथं आधी अंशाचे रेडियन करून घ्यायला लागतात.

काही साइटवर मैल असतात आणि काहींवर नॉटिकल मैल, तिथं गडबडू नका. साधा मैल 1.609 किलोमीटर, नॉटिकल मैल 1.852 किलोमीटर. आपलं 13,730 किलोमीटर म्हणजे सुमारे 8,530 साधे मैल आणि 7,410 नॉटिकल मैल. तिन्ही आकडे एकाच अंतराचे.

पण कोल्हापूरहून थेट विमान नाही

हो, म्हणून तुकड्यांची बेरीज करायची. कोल्हापूर ते मुंबई हवेतलं अंतर 309 किलोमीटर, मुंबई ते दुबई 1,925, दुबई ते सॅन फ्रान्सिस्को 13,020. सगळं मिळून 15,250 च्या पुढं. म्हणजे सरळ दोरीपेक्षा दीड हजार किलोमीटर जास्त, आणि हे दुबई मार्गे. सिंगापूर, फ्रँकफर्ट, लंडन जो मधला थांबा असेल त्याचे तुकडे तसेच काढायचे. इथं एक गोष्ट लक्षात येते ती तिकीट काढताना कामाची आहे. थांबा जर सरळ दोरीच्या जवळपास असेल तर अंतर फार वाढत नाही, आणि दोरीपासून लांब बाजूला असेल तर स्वस्त तिकिटाच्या नादात सहा-सात तास उगाच हवेत जातात. आईबाबांचं वय सत्तरच्या पुढं असेल तर चार-पाच हजार वाचवायला असलं तिकीट काढू नका, माझं स्पष्ट मत आहे.

आता विमान तरी ठरलेल्या दोरीवरून जातं का? नाही. दोरी म्हणजे कमीत कमी. खरं अंतर त्याच्यापेक्षा थोडं, कधीकधी बरंच जास्त असतं, आणि त्याची कारणं दोन-तीन आहेत.

एक म्हणजे कुणाच्या हद्दीवरून जाता येतं. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यानंतर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालायला लागला आणि एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन भरायला लागलं. 2019 मध्येपण फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. मुंबईहून पश्चिमेला जाणारी विमानं मुळात अरबी समुद्रावरून निघतात, त्यामुळं त्यांना हा फटका कमी बसतो. आखातातून जाणाऱ्यांनी तिकडच्या बातम्यांवर लक्ष ठेवावं, 23 जून 2025 ला कतारनं आपली हद्द काही तास बंद केली तर दोहाचं सगळं वेळापत्रक कोलमडलं होतं. रशियाचं तसंच, 2022 पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना तिथून जाता येत नाही.

दुसरं म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाला नियम असतो की वाटेत कुठंही असलं तरी एका इंजिनावर ठरलेल्या वेळेत जवळच्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे. हे नुसतं कागदावर नाही. जून 2023 मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या इंजिनात बिघाड झाला तेव्हा ते रशियातल्या मगादानला सुखरूप उतरलं, ते याच हिशेबामुळं.

आणि तिसरं, सगळ्यात मोठं, वारा.

वारा समजला की वेळ समजला

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे जिथं मोठी विमानं उडतात तिथंच, पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज, हिवाळ्यात त्याच्यापेक्षाही जास्त. विमान हवेत ताशी 900 नं चाललंय आणि मागून 150 चा वारा आहे तर जमिनीवरचा वेग 1,050 होतो, समोरून असेल तर 750. सीटसमोरच्या स्क्रीनवर जो वेग दिसतो तो जमिनीवरचा असतो, म्हणून जाताना एक आणि येताना दुसरा दिसतो.

काही लोक सांगतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते म्हणून पश्चिमेला जाताना गाव आपोआप आपल्याकडं येतं आणि लवकर पोचायला होतं. असं काही नसतंय. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. उलट मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना पाऊण-एक तास कमी लागतो, अंतर दोन्हीकडून तेच, 7,210 किलोमीटर.

वाऱ्याचा सगळ्यात भारी दाखला 2016 चा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकचा रस्ता 13,900 किलोमीटरचा, पॅसिफिकचा 15,300. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे जुन्या रस्त्यापेक्षा जवळजवळ दोन तास आधी, कारण पॅसिफिकवरून जाताना वारा पाठीमागून होता. त्यामुळं नुसतं अंतर बघून "हे लांब आहे म्हणजे उशीर" असं धरू नका.

आता घरगुती हिशेब. लांबच्या विमानासाठी सरासरी वेग ताशी 850 धरा, अंतराला 850 नं भागा आणि वर चाळीस मिनिटं घाला. ही चाळीस मिनिटं जमिनीवर रांगेत सरकण्याची, वर चढण्याची, खाली उतरताना घिरट्या घालण्याची. मग पश्चिमेला जाणाऱ्या लांबच्या प्रवासाला आणखी अर्धा ते एक तास द्या. मुंबई-मेलबर्न 9,800 किलोमीटर, भागिले 850 साडेअकरा तास, वर चाळीस मिनिटं, म्हणजे बारा तास दहा मिनिटं, खऱ्या वेळापत्रकाच्या एकदम जवळ. मुंबई-दुबई तीन तासांच्या आसपास येतं, पश्चिमेचं थोडं घातलं की सव्वातीन. दुबई-सॅन फ्रान्सिस्को पश्चिमेचं न घालताच सोळा तास. छोट्या उड्डाणाला हा नियम लावू नका, कोल्हापूर-मुंबईला विमान नीट वर चढतंय तोवर उतरायची वेळ होते, तिथं सरळ तासभर धरायचा.

कंपनी जो वेळ छापते तो विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडं जागेवर थांबलं तिथपर्यंतचा असतो, नुसता हवेतला नाही, आणि त्यात कंपनीनं थोडी सवड आधीच धरलेली असते. म्हणून तर "उशिरा सुटलं तरी वेळेत पोचलो" असं बऱ्याचदा होतं. तुमच्या विमानाचा खरा वेळ बघायचा असेल तर फ्लाइटरडार24 वर विमानाचा नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ते कधी सुटलं, कधी पोचलं, कुठल्या रस्त्यानं गेलं सगळं दिसतं. चार-पाच दिवसांचं बघितलं की अंदाज पक्का होतो.

तिकीट वाचायची रीत, इथं घाई करू नका

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. सुटायची मुंबईच्या घड्याळात, पोचायची तिकडच्या घड्याळात. म्हणून दोन वेळांची सरळ वजाबाकी केली की चुकीचंच उत्तर येणार. आधी दोन्ही वेळा एका घड्याळात आणायच्या, मी म्हणतो भारताच्याच घड्याळात आणा, कारण घरच्यांना तेच कळतं.

भारत जागतिक (ग्रीनिच) प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं, बारा महिने. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा तास मागं, उन्हाळ्यात साडेबारा. टोरोंटो, न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं घेतात, इंग्लंडात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मेलबर्न आपल्या पुढं, एरवी साडेचार तास, पण तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात असल्यामुळं ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच तास. मार्चमध्ये तिकीट असेल तर तारीख बघून फरक धरा, मार्चमधले दोन-तीन आठवडे असे असतात की अमेरिकेनं घड्याळ बदललेलं असतं आणि इंग्लंडानं नाही.

उदाहरण घेऊ. समजा जानेवारीतलं तिकीट आहे. 15 तारखेला पहाटे 4:30 ला मुंबईहून सुटणार, 6:15 ला दुबई. वजाबाकी केली तर पावणेदोन तास, पण दुबई दीड तास मागं, म्हणजे खरे सव्वातीन तास. दुबईहून 8:50 ला सुटून सॅन फ्रान्सिस्कोला 13:00 ला, त्याच दिवशी, 15 तारखेलाच. बघणाऱ्याला वाटतं चार तास दहा मिनिटांत अमेरिका! पण जानेवारीत दुबई आणि सॅन फ्रान्सिस्कोत बारा तासांचा फरक, म्हणजे सोळा तास दहा मिनिटं. मधे दुबईला थांबा दोन तास पस्तीस मिनिटं. तिन्हींची बेरीज बरोबर बावीस तास. आता दुसऱ्या बाजूनं तपासा. सॅन फ्रान्सिस्कोचे दुपारचे 13:00 म्हणजे भारताचे 16 तारखेचे पहाटेचे 2:30. 15 च्या पहाटे 4:30 पासून 16 च्या पहाटे 2:30, बावीस तास. दोन्हीकडून उत्तर जुळलं की हिशेब पक्का. नाही जुळलं तर कुठंतरी अर्धा तास सुटलाय, बहुतेक वेळा तोच सुटतो, कारण आपला साडेपाचातला अर्धा लोक विसरतात.

आणि तारीख! हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं सांगतो. तिकिटावर 15 जानेवारी 00:45 असं असेल तर ती 14 तारखेची रात्र आहे. रात्री बारा वाजले की तारीख बदलते, पण आपल्या बोलण्यात ती अजून 14 चीच रात्र असते, त्यामुळं 15 ला दुपारी घरातून निघायचं ठरवलेली माणसं असतात आणि तोपर्यंत विमान जाऊन बारा तास झालेले असतात. रात्री बारा ते सकाळी सहामधलं कुठलंही तिकीट असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लाल पेननं "निघायचं" असं लिहून टाका. पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक 1 असेल तर दुसऱ्या दिवशी पोचणार, अधिक 2 असेल तर तिसऱ्या.

कोल्हापूर ते मुंबईचा तुकडा

बाहेरगावच्या कुठल्याही हिशेबात हा तुकडा नसतो आणि आपल्याला तोच जास्त दगा देतो. हवेतून 309 किलोमीटर असलं तरी रस्त्यानं पावणेचारशेच्या पुढं. तावडे हॉटेलपासून हायवेला लागलात की किणी टोल, कराड, सातारा, खंबाटकी घाट, पुणे बाहेरून, मग एक्सप्रेसवे. रस्ता मोकळा असेल तर सात-साडेसात तास, पण रुंदीकरणाची कामं, घाटातला एखादा बंद पडलेला ट्रक, पुण्याच्या बाहेरची संध्याकाळची गर्दी हे धरून नऊ तास द्या आणि पावसाळ्यात दहा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रीत जायचं असेल तर ती सीएसएमटीला सकाळी पोचवते, ज्यांचं विमान दुपारनंतर आहे त्यांना ती बरी, पण अवजड बॅगा घेऊन दादरला उतरणं ज्येष्ठांना जड जातं.

कोल्हापूर-मुंबई विमान मिळत असेल तर उत्तमच, फक्त दोन गोष्टी बघा. ते पुढच्या विमानाच्या एकाच तिकिटात, एकाच पीएनआरमध्ये (म्हणजे एकाच बुकिंग नंबरात) आहे का? असेल तर उशीर झाल्यास पुढची सोय कंपनी बघते. वेगळं तिकीट असेल तर पुढचं विमान चुकलं तर नुकसान आपलं, तेव्हा मधे निदान पाच-सहा तास ठेवा, पावसाळ्यात धुक्या-पावसानं विमान रद्द होण्याची शक्यता असते तेव्हा सरळ आदल्या दिवशी जा. आणि मुंबईत कुठल्या टर्मिनलला उतरणार ते बघा, टी1 ला उतरला आणि परदेशाचं विमान टी2 वरून असेल तर बाहेर पडून रस्त्यानं जायला लागतं.

सगळं एका कागदावर

वरचंच तिकीट घेऊ, 15 च्या पहाटे 4:30 चं. परदेशाच्या विमानाला तीन तास आधी पोचायचं, बॅगा द्यायचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे रात्री दीड, पण अर्धा तास हाताशी ठेवून 1 पर्यंत टी2 वर. मागं नऊ तास रस्त्याचे, जेवणाचा एक थांबा आणि एखादा तास सवडीचा, म्हणजे 14 तारखेला दुपारी 2 ला घर सोडायचं. 14 ला संक्रांत असली तर दुपारचं जेवण घरी, तिळगूळ वाटून निघायचं. दुपारी 2 पासून 16 च्या पहाटे 2:30 पर्यंत साडेछत्तीस तास. तिकडं उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम याचा दीड तास, आणि फ्रीमॉन्ट, सनीवेल अशा बाजूला घर असेल तर गाडीनं तासभर. झाले 39 तास. यातले विमानात बसलेले फक्त 19 तास 25 मिनिटं, म्हणजे निम्मे. बाकी निम्मा वेळ रस्ता, रांगा आणि खुर्च्या, आणि थकवा बहुतेक तिथंच येतो. तेव्हा तयारीपण त्याचीच करा. व्हीलचेअर हवी असेल तर दोन दिवस आधी कंपनीला कळवा, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, आणि गोळ्यांच्या वेळा घड्याळ बदलल्यावर कशा धरायच्या ते निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. विमानात दोन-तीन तासांनी उठून चार पावलं चाला, सोळा तास एका जागी बसून पाय सुजतात.

अमेरिकेत पुढं आणखी एक देशांतर्गत विमान असेल, समजा ऑस्टिनला जायचंय, तर लक्षात ठेवा की इमिग्रेशन अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरच होतं आणि बॅगापण तिथंच घेऊन परत द्यायला लागतात. तिथं दोन तासांचा थांबा कमी पडतो, तीन-साडेतीन तरी हवा.

कागदाला दोन रकाने करा, डावीकडं तिकडची वेळ, उजवीकडं भारताची. एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक फ्रिजवर चिकटवून घरच्यांसाठी, आणि फोटो मुलीला. म्हणजे "आता कुठं असतील ते" हे रात्री दोन वाजता फोन न करता कळतं.

परतीचा हिशेब वेगळा काढा, जाण्यावरून उलटा धरू नका. वारा पाठीमागून असल्यामुळं तास थोडे कमी होतात, पण तारखा जास्त उडतात. समजा 1 फेब्रुवारीला दुपारी 3:40 ला सॅन फ्रान्सिस्कोहून सुटलं, दुबईला 2 तारखेला संध्याकाळी 7:10, तिथून रात्री 10 ला निघून मुंबईला 3 तारखेला पहाटे 2:30. एकूण 21 तास 20 मिनिटंच, तरी 1 ला निघालेला माणूस 3 ला उतरतो. कोल्हापूरहून न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला "3 तारखेला या" एवढंच सांगितलं तर तो 3 ला दुपारी पोचेल. त्याला सांगायचं, 2 तारखेला दुपारी 3 ला कोल्हापूर सोड, रात्री साडेबाराच्या सुमारास मुंबईत पोच, बाहेर यायला आम्हाला साडेतीन होतील, आणि निघायच्या आधी दुपारी झोप काढून घे, कारण परतीचा घाट पहाटे ओलांडायचाय.